सुमनअक्कांचे तेवीस स्नॅपशॉट

आमच्या शेजारच्या सुमनअक्का भाजीची फोडणी दोनदा करतात. आधी वाटीभर भाजीला, ती जमली तरच पातेल्याला. का? तर "बिघडलं तर मागं येता आलं पाहिजे, भाऊ!" अख्ख्या जळगावात असा दुसरा नमुना सापडायचा नाही.

अशा बाईनं आयुष्यात एकदाच विचार न करता तोंड उघडलं. धुळ्याच्या धाकट्या बहिणीच्या, कमलताईंच्या लेकीच्या लग्नात, वरण-बट्टीच्या भर पंगतीत म्हणाल्या, "बट्टी कच्ची शे!" झालं! सात वर्षं बोलणं बंद.

आणि या मंगळवारी कमलताईंचा फोन आला! त्या पापड करून विकतात. "कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलंय, पापडाची लेबलं छापली जात नाहीत. तुले येस का?" लिनक्स हा शब्दच अक्का पहिल्यांदा ऐकत होत्या. तरी सगळं येत असल्याचं ठोकून दिलं, "बठ्ठं येस माले! रविवारी येते."

मी कॉम्प्युटर क्लास चालवतो, म्हणून धावत माझ्याकडे. "भाऊ, चार दिवसांत शिकव. पण माझं विंडोज जागचं हलायला नको." मग मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन बसवलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या आत, एका चौकटीत, दुसरा कॉम्प्युटर, लिनक्स त्याच्यात. आठ जीबी रॅममधली चार त्याला दिली तर अक्का कडाडल्या, "पाहुण्याला निम्मं घर?"

पण स्नॅपशॉट दाखवला आणि बाई खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे काहीही बिघडवा, बटण दाबलं की होतं तसं? अगं बाई! हे तेव्हा कुठं होतं रे?"

मग काय! तेवीस स्नॅपशॉट! 'प्रिंटर लावण्याआधी', 'प्रिंटर रुसल्यावर', 'चहा पिऊन आल्यावर'. मुद्दाम बिघडवायच्या, मागं यायच्या आणि टाळ्या पिटायच्या. शनिवारी दुपारी पहिलं लेबल छापून निघालं. ते हातात घेऊन बाई गल्लीभर दाखवायला पळाल्या. फोन टेबलावरच राहिला आणि नेमका वाजला. मी उचलला.

"कमलताई, अक्का बाहेर गेल्यात. लेबलांचं म्हणाल तर..."

"लेबलं? ती सुनेनं बुधवारीच छापली, भाऊ. पण तिले सांगू नको हां! नाहीतर यायची नाही ती." मग म्हणाल्या, "उद्या बट्टी चांगली खरपूस भाजते म्हणावं... नको, तेही सांगू नको."

तेवढ्यात अक्का धापा टाकत आल्या. "कमलचा का फोन? अजून बंदच का रे तिचं छापणं?"

"हो अक्का," मी म्हणालो, "तुमच्यावाचून अगदी अडलंय. सकाळची पहिलीच गाडी धरा."