फाइव्हस्टारला जाणारं गाठोडं

आमच्या नायगावच्या बिल्डिंगीतला ऑल्विन परेरा हॉटेलात झोपायला निघाला की त्याच्या बॅगेत आख्ख्या मजल्याच्या चादरी असतात. हॉटेल कुठलं, तर वरळीचं. टॅक्सीने हाकेवर. घरी पलंग आहे, पंखा आहे, मागेपुढे कोणी नाही, तरी साठी उलटलेला हा बाप्या वर्षातून दोनतीनदा फाइव्हस्टारला जातो.

सगळं त्या क्रेडिट कार्डासाठी. कार्ड पत्र्याचं, टेबलावर टाकलं की टण्ण वाजतं. त्याची वर्षाची फी ऐकून माझी बायको पार्वती म्हणाली होती, "याच्या डोक्यावर नारळ पडला काय?"

मी सातवी नापास, जन्मभर ट्रक हाकला. मला त्यानेच समजावलं. कार्डवाल्याला खोली सकाळीच मिळते, रिकामी असली तर समुद्राकडची मोठी देतात. दोघांचा नाष्टा फुकट. दुसऱ्या दिवशी चारपर्यंत कोणी उठवत नाही. वर हॉटेलातच उडवायला ठरावीक रक्कम. लोक त्यात बाटली मागवतात, हा शेजाऱ्यांच्या चादरी धुवून घेतो. म्हणतो, "बेनिफिट दुधासारखा रे. नासू द्यायचा नाय."

एकदा नाष्ट्याला दुसरा माणूस म्हणून मला नेलं. दार उघडायच्या आधी आम्ही दारात. याने ताट घेतलं नाही. हात मागे बांधून देवळासारखी प्रदक्षिणा घातली, सगळी भांडी उघडून बघितली, मग मला हुकूम. "पावाला हात लावू नको, पाव घरी हाय." मी इडली घेतली तर डोळे वटारले. उठलो तेव्हा टेबलं पुसायला लागले होते. तरी मॅनेजर येऊन वाकून विचारतो, परेरासाहेब, आणखी काही आणू? मला मालकाने कधी पाणी विचारलं नाही.

मग पार्वती गेली. तिची एक गोधडी होती, तिच्याच जुन्या लुगड्यांची. शेवटपर्यंत तीच अंगावर. तिला पार्वतीचा वास येतो, खोबरेल तेलाचा आणि घामाचा. मी ती धुतली नाही. उशाशी घेऊन झोपतो. कोणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काय आहे त्यात.

परवा ऑल्विन वरळीला निघाला. नेहमीसारखी दारोदार हाक दिली, "चादरी काढा." मी बाजारात गेलेलो. मुलगी सुमन आली होती. तिने गोधडी मळलेली बघितली आणि बिचारीने चांगल्या मनाने त्याच्या गाठोड्यात टाकली. मी आलो तर उशाशी काही नाही. ऑल्विनला फोन लावला. तोंडातून एवढंच निघालं, "ती गोधडी हिची होती रे." फोन ठेवून दिला.

संध्याकाळ गेली, रात्र गेली. मला वाटलं, झालं, आता साबणाचा वास येणार.

सकाळी दाराची कडी वाजली. बघतो तर ऑल्विन, हॉटेलची पिशवी पोटाशी धरून. दाढी वाढलेली. फोन ठेवल्या ठेवल्या तो हॉटेलच्या तळघरात लॉन्ड्रीवर जाऊन बसला होता म्हणे. गाठोडी मशीनजवळ ढिगात पडलेली, तिथले लोक उद्या सापडेल म्हणत होते. हा हलला नाही. एकेक गाठोडं सोडून बघितलं. पहाटे सापडली.

"धुतली नाय," म्हणाला. "बघ."

मी तोंड खुपसलं. होती. तेल होतं, ती होती.

तो दारातच उभा. चपलांकडे बघत म्हणाला, "मम्माच्या उशीचा अभ्रा मी पन धुतला नाय. आता वास येत नाय. तरी."

एवढ्या वर्षांत त्याने मम्माचं नाव माझ्याजवळ काढलं नव्हतं. मी विचारलं, "नाष्टा?"

"नाय केला."

"आणि समुद्राकडची खोली? चारपर्यंत होती ना?"

"नासू दे," ऑल्विन म्हणाला. "चा टाक."