पाच शार्प

परमेश्वराने वेळ सर्वांना सारखीच वाटली असली, तरी तिच्यावर हुकूमत गाजवण्याची सोय फक्त इंग्रजीत केलेली आहे. मराठीत वेळ आपणहून येते आणि न विचारता निघून जाते. (घालवताही येते, पण ती आवड झाली, अधिकार नव्हे.) इंग्रजीत मात्र माणूस टाइम सेव्ह करतो, वेस्ट करतो, पास करतो आणि फारच अंगावर आला तर किलही करतो. एवढे अधिकार असल्याशिवाय साम्राज्य चालत नाही, हे नागपुरातल्या एका सरकारी कचेरीचे हेडक्लार्क रुपराव यांना मनोमन पटले होते.

पटण्याला कारण होते. सुपरिंटेंडंटची खुर्ची रिकामी झाली होती, आणि नव्या गोऱ्या साहेबाने जाहीर केले होते की, ज्याला वेळेची किंमत कळते त्यालाच ती मिळेल. खुर्चीला हात होते, गादी होती. रुपराव येता-जाता त्या गादीकडे असे बघत, जसे उपासाच्या दिवशी हलवायाच्या दुकानाकडे बघावे.

कचेरीत सुधारणेची लाट आली. सकाळी आल्याबरोबर आपण 'इन टाइम' आलो की 'ऑन टाइम', यावर चर्चा सुरू होई, आणि ती आटोपेपर्यंत 'टी टाइम' होई. फायली पूर्वीच्याच चालीने चालत, पण आता त्या 'इन नो टाइम' चालत. या चळवळीपासून अलिप्त असा एकच कारकून होता, श्रीधर. तो रोज उशिरा येई आणि त्या उशिराला इंग्रजीत नाव देण्याचीही तसदी घेत नसे.

अशात रुपरावांच्या लेकीचे, देवकीचे, लग्न ठरले. मुलगा रामटेकचा, मुहूर्त गोरजाचा. रुपरावांनी सीताबर्डीवर पत्रिका छापून घेतल्या. तारखेखाली ठळक अक्षरांत होते: 'पाच शार्प'. पहिली पत्रिका साहेबाला गेली.

"अवो, लगन तं दिवस बुडताना हाय," गोपिकाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मंग पाच काहून छापून राहिले?"

"पाच छापलं तं लोकं सातले येतीन."

"आन साहेब?"

"साहेब मोठा माणूस हाय. मोठे माणसं सगळ्याच्या मागून येतेत." रुपराव समजुतीने हसले. (छापलेली वेळ ही छापण्यापुरती असते, हे बायकांना समजावून सांगावे लागते.)

लग्नाच्या दिवशी गिरणीचा पाचाचा भोंगा झाला, आणि साहेब मांडवात येऊन उभा राहिला.

मांडवात वाजंत्रीवाले झोपले होते. नवरी अजून न्हात होती. वऱ्हाडाचे म्हणाल, तर मुलाचे वडील महादेवराव हे व्यवहारी गृहस्थ. मुलीकडच्यांची तयारी व्हायची असेल, उगाच त्यांची धांदल नको, या माणुसकीने त्यांनी मागची गाडी धरली होती. आणि रुपराव मागच्या दारी, तोंडाला साबण लावून, न्हाव्यापुढे बसले होते.

साहेबाचे स्वागत रुपरावांच्या आत्या रुखमाबाईंनी केले. "बसा जी साहेब. लगन का कोठी पळून चाललं? झालंच आता."

साहेबाने घड्याळ काढले. इतक्यात मांडवात आणखी एक माणूस शिरला. श्रीधर. शेजारीच राहायचा. लग्नाचे जेवण म्हणून घरी चूल पेटली नव्हती आणि भूक काही आवरेना. साहेबाने आधी घड्याळाकडे पाहिले, मग श्रीधरकडे पाहिले, आणि उठून त्याचा हात हातात घेतला.

रुपराव अर्ध्या गालाला साबण तसाच घेऊन धावत आले. म्हणाले, "सर, जस्ट फाइव्ह मिनिट्स!" साहेबाने खरोखर पाच मिनिटे वाट पाहिली. मग तो गेला.

दिवस बुडताना अक्षता पडल्या. सगळे नागपूर हजर होते, आणि आपण अगदी वेळेवर पोचलो म्हणून जो तो खुशीत होता. जेवणावळीत श्रीधरने तिसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा रुपरावांनी स्वतः वाढला. फार वाईट वाटले त्यांना, आणि का वाटू नये?

खुर्ची श्रीधरला मिळाली. तो तिच्यावर बारा वाजता येऊन बसतो. पण आता तो साहेबाच्या लेखी वेळेचा पक्का असल्यामुळे, कचेरीच लवकर उघडते असे ठरले आहे.

यंदा रुपरावांच्या धाकटीचे लग्न आहे. पत्रिका तुम्हालाही आली असेलच. पोळलेल्या रुपरावांनी या खेपेला पाच शार्प म्हणजे पाचच ठरवले आहेत. मुहूर्तही पाचाचाच, अक्षताही त्याच वेळी. तुम्ही किती वाजता निघायचे ठरवले आहे ते मात्र सांगू नका. भात सातच्या हिशेबानेच टाकायचा ठरला आहे.