खुर्ची बघतानाचं तोंड

दुपारच्या जेवणाला चष्मेवाल्यांचं आणि जावयाचं वाजलं ते एका नटावरून. त्या नटानं नव्या चित्रपटाचे किती पैसे घेतले ते जावयानं पेपरातून वाचून दाखवलं आणि चष्मेवाल्यांचा घास हातातच राहिला. आपण दिवसभर अंधाऱ्या खोलीत उभं राहून लोकांचे डोळे तपासायचे, खालची ओळ दिसते का विचारून घसा कोरडा करायचा, आणि या पठ्ठ्यानं नुसतं दार उघडून आत यायचं, डोळ्यांत पाणी आणायचं आणि सात पिढ्यांची सोय करायची, हा त्यांच्या मते दिवसाढवळ्या दरोडा होता.

"रडायला काय लागतं?" ते म्हणाले. "मी बिल हातात दिलं की दुकानात सगळेच रडतात."

जावई हसला नाही. त्याचा चष्मा त्यांच्याच दुकानातला होता.

ते दुकानात गेले आणि मागे घरात कट सुरू झाला. चष्मेवाल्यांच्या वडिलांची, म्हणजे आप्पांची, एक वेताची आरामखुर्ची होती. आप्पा गेल्यावर ती चष्मेवाल्यांनाही हवी होती आणि त्यांच्या ताईलाही. ताई थोरली, त्यामुळे खुर्ची तिच्या गावी गेली. मग शब्दाला शब्द वाढला आणि पुढे सगळे शब्दच संपले. कित्येक वर्षं बहीणभावांना एकमेकांची खुशाली कळत होती ती चष्मेवाल्यांच्या बायकोमार्फत. आता ताईनं आपण होऊन ती खुर्ची नव्यानं विणून घेतली आणि टेम्पोनं धाडली. तिची अट मात्र एकच होती.

"तो काय बोलतो ते मला नकोच," तिनं फोनवर भावजयीला बजावलं होतं. "बोलण्यात तो कुणाला हार जायचा नाही. खुर्ची दिसल्यावर त्याचं तोंड कसं होतं, तेवढं मला बघायचंय. ते बघेन, मग ठरवेन फोन करायचा की नाही."

संध्याकाळी खुर्ची हॉलच्या मधोमध ठेवली आणि जावई फोन घेऊन पडद्याआड दडला. चष्मेवाले आले. एक चप्पल काढली, दुसरी काढायला वाकले, तोच त्यांना खुर्ची दिसली. तसेच एका चपलेवर ते पुढे गेले. आप्पांचा हात टेकून टेकून खुर्चीच्या हातावरचं लाकूड जिथे गुळगुळीत झालं होतं, नेमका तिथे त्यांनी हात ठेवला. "ताईनं पाठवली?" एवढंच विचारलं आणि चष्मा काढून ते ढसाढसा रडले. बायको रडली, मुलगी रडली, पडद्याआड जावईही रडला.

डोळे पुसून सगळे फोनभोवती जमले. फोनमध्ये बराच वेळ रिकामी खुर्ची होती. मग एकदम अंधार, आणि त्या अंधारात जावयाच्या खिशातली किल्ली वाजत होती. जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. आयत्या वेळी घोटाळा नको म्हणून त्यानं चित्रण आधीच सुरू करून ठेवलं होतं. दार वाजताच घाईत पुन्हा बटण दाबलं, ते बंद झालं. रडारड संपल्यावर बंद करायला दाबलं, तेव्हा ते सुरू झालं.

आपण सरळ ताईला फोन करून सांगू, असं चष्मेवाले म्हणाले. बायकोनं मान हलवली. तोंड बघितल्याशिवाय ताई फोन उचलणार नाहीत, आणि आज काहीच गेलं नाही तर खुर्ची बघून यानं नाक मुरडलं असंच धरून चालतील. हे मात्र चष्मेवाल्यांना पटलं. ताईला ते पुरते ओळखून होते.

"बाबा, पुन्हा एकदा आत या," जावई चाचरत म्हणाला. "दार उघडायचं, खुर्ची बघायची आणि..."

"कळलं," चष्मेवाले म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

पहिल्या खेपेला ते आत आले आणि "अरे, खुर्ची," असं म्हणाले. तपासणीच्या तक्त्यावरची सगळ्यात मोठी ओळ वाचावी, तितक्याच भावनेनं. दुसऱ्या खेपेला बायकोला आठवलं की मघाशी एक चप्पल पायात होती. तिसऱ्या खेपेला चप्पल पायात होती, पण सगळं लक्ष चपलेकडेच होतं. चौथ्या खेपेला त्यांनी जीव ओतून असा हंबरडा फोडला, की वरच्या मजल्यावरची शेजारीण घरात कोण गेलं हे विचारायला धावत खाली आली.

कोणी गेलं नाही हे कळल्यावर ती परत जाईल अशी आशा होती. पण तिनं पदर खोचून सूत्रं हातात घेतली आणि कांदा मागवला. चष्मेवाले हातात अर्धा कांदा घेऊन स्वतःच्याच बंद दाराबाहेर उभे असताना जिन्यावरून त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक चाललं होतं. ते थबकलं, कांद्याकडे आणि दाराकडे आळीपाळीनं बघून म्हणालं, "काका, घरात काही झालं असेल तर मी बोलू का काकूंशी?"

कांद्यानं पाणी आलं, पण डोळे असे दिसू लागले, की खुद्द चष्मेवाल्यांनी ते बघून थेंब लिहून दिले असते. तोवर उजेड गेला होता. दिवा लावावा तर तो चष्म्याच्या काचांत चमकायचा आणि डोळेच दिसेनात. मग चष्मा काढायचं ठरलं. बिनचष्म्याचे चष्मेवाले चाचपडत आत आले आणि इस्त्रीला काढलेल्या कपड्यांच्या ढिगावर त्यांनी मोठ्या मायेनं हात ठेवला.

ते दमले होते. पाय दुखत होते. समोर बापाची खुर्ची होती, आणि तिच्यावर बसायची सोय नव्हती, कारण वरची गादी चुरगळली असती. ते भिंतीला टेकून जमिनीवरच बसले.

"तो नट असं दिवसातून किती वेळा करतो रे?" त्यांनी विचारलं.

"वीस-वीस वेळा, बाबा. आणि दर वेळी खरंच रडतो."

चष्मेवाले पाय चोळत बसले. "मग त्याला देतात ते ठीकच आहे," शेवटी ते म्हणाले. "उलट थोडं वाढवायला हरकत नाही."

त्यातल्या त्यात बरी खेप मुलीनं पाठवून दिली. ताईनं ती पाहिल्याची खूण लगेच दिसली, पण फोन वाजेना. शेजारीणसुद्धा चहा न मागता बसून राहिली. चष्मेवाले पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते. इतक्या वर्षांनी बहिणीनं हात पुढे केला होता आणि आपण तिला हे असलं तोंड पाठवलं. तेवढ्यात फोन वाजला.

"हे काय पाठवलंयस?" पलीकडून ताई म्हणाली.

"ताई, मला खरंच..."

"लहानपणी काच फोडून 'मी नाही' म्हणायचास, तेव्हा हेच तोंड करायचास. थापा मारायला तुला कधी जमलंच नाही." मग तिनं विचारलं, "खुर्ची पहिल्यांदा बघितलीस, ते कोणी टिपलंच नाही ना?"

"तुला कसं कळलं?"

"आत यायच्या आधीच तुझे डोळे सुजलेत."

चष्मेवाल्यांना खोटं बोलवेना. "त्यात थोडा कांदा आहे, ताई."

"कांद्यानं नाक लाल होत नाही. रडलास की आधी तुझं नाक लाल होतं. मी ओळखत नाही होय तुला?"

त्या एका वाक्यानं चष्मेवाल्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते उठले आणि कुणालाही न विचारता खुर्चीत बसले. गादी चुरगळली. मग एकदम आठवून ते जरा रागानंच म्हणाले, "मग इतका वेळ फोन का केला नाहीस? माझा इथे जीव टांगणीला लागला होता."

ताई अडखळली. "अरे, तुझं ध्यान बघून मला हसू आलं, हसता हसता रडू आलं. सून म्हणाली, मामांना हे बघायलाच हवं. पण ती फोन शोधून आणेपर्यंत माझं रडून झालं होतं. तेव्हापासून मला इथे दिव्यासमोर बसवलंय. सहावी खेप आहे. काही केल्या येत नाही रे."

चष्मेवाले खो खो हसू लागले. पलीकडे ताईही हसत होती.

"असं कर," ती म्हणाली, "तूच ये इकडे. समोरासमोर बसून एकदाच रडू आणि मोकळे होऊ."

चष्मेवाल्यांनी फोन बाजूला धरून बायकोला सांगितलं, की उद्या दुकान बंद.