सोनाबाईंच्या देव्हाऱ्यातला डबा

माहिती जिथे जन्माला येते, तिथेच तिच्यावर विचार व्हावा, हे आता जगाला पटले आहे. पूर्वी दुकानातली माहिती लांबच्या संगणकाकडे जायची आणि तिथून उत्तर यायचे. आता विचार करणारा डबा दुकानातच बसतो. याला एज कॉम्प्युटिंग म्हणतात. (दुकानात आधीपासून बसून विचार करणारा माणूस यात धरलेला नाही.)

छोट्या दुकानदारांसाठी डबा बनवणाऱ्या कंपनीच्या योजना अत्यंत उदार आहेत. पहिलीत डबा फुकट, वीज दुकानदाराची, निष्कर्ष कंपनीचे. दुसरीत निष्कर्ष दुकानदाराला वाचताही येतात. त्याला वर्गणी पडते. सर्वांत लोकप्रिय तिसरी. तिच्यात वर्गणी गाळामालक भरतो आणि दुकानदाराला फक्त मोजले जाते.

पनवेलला एसटी स्टँडमागे सोनाबाईंचे पोळी-भाजी केंद्र आहे. त्यांच्या वाट्याला तिसरी योजना आली. गाळ्याचा करार संपत आला होता आणि मालक उदयसिंहांना भावनेच्या आहारी जायचे नव्हते. गिऱ्हाईक असेल तर करार वाढेल, नसेल तर गाळा मोबाइल कव्हरवाल्याला जाईल, आणि हे डबाच ठरवेल, असे त्यांनी सांगितले.

कंपनीचा अपूर्व डबा घेऊन आला.

"मावशी, याला कधीच बंद न होणारा प्लग लागेल."

"फ्रीज पन रातचा बंद असतो आमचा. देवाचा दिवा तेवढा बंद नाय होत."

"मग तिथेच ठेवतो."

"ठेव आईच्या बाजूला. पन त्याला सांग, नीट बस, पाय पसरू नको."

कॅमेऱ्याचे भिंग सोडून डब्याला सगळीकडे कुंकू लागले.

गिऱ्हाईक कसे ओळखायचे, हे डब्याला शिकवलेले होते: जो थांबतो, आत पाहतो आणि कुरकुर न करता जातो, तो समाधानी. आता आपला माणूस रस्त्याने जाताना देव दिसला की थांबतो, अर्धी चप्पल काढतो, छातीला हात लावतो आणि चालू लागतो. पोळी घेणारा मात्र रेंगाळतो, "काल भाजीत मीठच नव्हतं हो," म्हणतो. महिन्याच्या अहवालात एक्क्याण्णव टक्के ग्राहक समाधानी निघाले. उरलेले नऊ टक्के जेवण मागत होते.

सोनाबाईंनी पेढे वाटले. पण अहवालाला दुसरे पान होते. सगळे समाधान देव्हाऱ्याच्या दोन फुटांच्या फळीवर तयार होते, शेगडीकडून फक्त तक्रारी येतात. सबब फळी ठेवावी, स्वयंपाक बंद करावा. करार फळीपुरता वाढवण्यात आला.

"आनि मी पोल्या कुठं लाटू? तुझ्या डब्यावर?" सोनाबाईंनी अपूर्वला विचारले.

डब्याने हे ऐकले आणि सोनाबाईंची नोंद असमाधानी ग्राहक अशी केली.

तरीही कंपनी न्यायी. तिने एक संधी दिली: शुक्रवारी दुपारी शंभर माणसे येऊन जेवली, तर शेगडी राहील. सोनाबाईंच्या भाचीने, स्नेहलने, हा निरोप मोबाइलवरून गावभर पाठवला. तुम्हालाही आला. तुम्ही हळहळलात. स्थानिक माणूस टिकलाच पाहिजे, अशी वर दोन ओळींची भर घालून तो सात ग्रुपवर पुढे धाडलात. शुक्रवारी सोनाबाई पोळ्यांची चळत लावून, पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. साडेबारा वाजून गेले. तेवढ्यात तुमच्या दारावरची बेल वाजली. मागवलेले जेवण अजून गरम होते, आणि तुम्ही त्याला पाच तारे दिलेत.