बावन्न ओहमचा रॉड

पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयाला कोमट पाण्यानं अंघोळ घालायची, ही काय रीत झाली? महिपतरावांच्या घरी नेमकं तेच झालं. विजेचा रॉड सोडून तास झाला तरी बादली तापेना. जावई पंकज तसाच अंघोळ करून शिंकत बसला, लेक अर्पिता बापाशी बोलेना, आणि महिपतराव तडक जैनथला, रॉड विकणाऱ्या सुधाकररावांच्या दुकानात पोचले. हातात रॉड आणि ऑटोत घरच्या पाण्याची भरलेली बादली. कारण मागच्या खेपेला ‘तुमचं पानीच जड हाय’ असं म्हणायची हिंमत सुधाकररावांनी केली होती.

गिऱ्हाइकांच्या गराड्यात रॉड बादलीत सोडला आणि तासाभरात पाण्याला वाफा फुटल्या.

“इथं तापते, मंग घरी काऊन नाई तापत?” महिपतराव कडाडले. “उद्या पाडवा हाय. जवाईबापूनं पुन्हा असल्या पान्यानं आंग धुतलं, तं लेक माहेरी पाय ठेवनार नाई!”

चारचौघांत मालाला नावं ठेवलेली सुधाकररावांना झोंबली. त्यांनी तिथल्या तिथं मीटर लावून आकडे घेतले. “उद्या सकाळी तुमच्या घरी येतो. रॉड खोटा निघाला, तं दुकानाला कुलूप लावतो!”

सकाळी ते खरंच आले. मीटर लावला. एकशेतीस व्होल्ट, अडीच अँपिअर.

“पाहा!” मोबाईलवर आकडे बडवत सुधाकरराव ओरडले. “दुकानात दोनशे चौतीस भागिले साडेचार, बावन्न. इथं एकशेतीस भागिले अडीच, बावन्न! रेझिस्टन्स तोच. रॉड खरा हाय!”

“बावन्न काय चाटू मी? पान्याचं सांगा!”

“आता गुणा. दुकानात हजाराच्या वर वॅट, इथं सव्वातीनशे. होल्टेज अर्ध्याच्या थोडंच वर राह्यलं का करंटबी तसाच उतरते, मंग ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते. दोष तुमच्या गल्लीतल्या लाइनीचा.”

“मंग गल्लीतलं होल्टेज कोन खाऊन राह्यलं?”

दोघं तावातावानं गल्लीत शिरले. पहिल्या घरी मोरीत रॉड. दुसऱ्या घरी रॉड. तिसऱ्या घरीही तोच, लाल दांड्याचा, सुधाकररावांनीच दिवाळीत विकलेला. रॉड निर्दोष सुटला होता, पण दुकानदार पकडला गेला. सुधाकरराव मुकाट्यानं दारोदार हात जोडू लागले, “जरा वेळ रॉड बंद ठेवा, जवाई हाय त्याईच्या घरी.”

शेवटच्या घरातल्या रेणुकाबाई मात्र उखडल्या. “काऊन बंद करू? ‘साऱ्या गल्लीनं नेला, तुमीच मागं राह्यल्या’ असं म्हनून तुमीच गळ्यात मारला न? आन आता बाकीच्याईनं बंद केला म्हंता. मंग आज माया रॉड चांगला तापन!”

ही अक्कल एकट्या रेणुकाबाईंनाच होती असं नाही. दोघं घरी परतेपर्यंत सगळ्या गल्लीनं हाच विचार करून बटणं पुन्हा दाबली होती. मीटरवर एकशेतीस.

पंकज खांद्यावर टॉवेल टाकून दारात आला. “मामाजी, पानी झालं का?”

महिपतरावांच्या बायको मालनबाई घरातून बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, दुकानदाराकडेही नाही. अंगणातल्या चुलीवर पातेलं चढवलं आणि फुंकणी सुधाकररावांच्या हातात दिली.

लाकडं ओली होती. सुधाकररावांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

महिपतराव शेजारी पाटावर बसून म्हणाले, “फुका जोरात! गॅरंटी तुमची हाय.”