अठरा मिनिटांची सुटका

नाटकातली बायको शेवटच्या अंकात घर सोडून कायमची निघून जायची, म्हणजे प्रत्यक्षात पडद्यामागे जाऊन एका पालथ्या खोक्यावर बसायची. घड्याळजींच्या बायकोने हे काम पत्करलं होतं ते त्या खोक्यासाठीच. बॅग उचलून दाराबाहेर पडलं की पडदा पडेपर्यंत अठरा मिनिटं तिला कोणी काही विचारायचं नाही, काही मागायचं नाही. बावीस वर्षांच्या संसारात एवढं सुख तिने पाहिलं नव्हतं. नाटकातला नवराही तिचाच होता, खुद्द घड्याळजी. पण ती दाराबाहेर पडली की त्यांचा तिच्याशी संबंध संपायचा. निदान तालमीत तरी.

पहिल्या प्रयोगाला ती झोकात बाहेर पडली, चपला काढल्या, पाय लांब केले आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला. आत घड्याळजींना टेबलावरचं तिचं पत्र वाचून कोसळायचं होतं. पत्र त्यांनी पाठ केलंच नव्हतं. "हातात असतंच की! पाठ कशाला करायचं?"

आतून आधी ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. मग उशा आपटल्याचा. मग उसासा. हा क्रम तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

"अगं, माझा चष्मा कुठे गेला?"

"कपाळावर बघा!" तिच्या तोंडून निघून गेलं.

प्रेक्षक हसून लोळायला लागले. तिने जीभ चावली, पण सवय तेवढ्यावर थांबेना.

"आणि गोळी घेतलीत का?"

"नाही ना. पाणी कुठंय?"

कायमची गेलेली बाई चौथ्या मिनिटाला अनवाणी पायांनी पाण्याचा ग्लास घेऊन परत आली. घड्याळजींनी गोळी गिळली, चष्मा नाकावर ओढला आणि ती शेजारी उभी असताना खणखणीत आवाजात वाचलं, "मी कायमची जाते आहे. मला शोधू नका."

नाटक बसवणारे ड्रॉइंगमास्तर विंगेत डोकं धरून बसले. पण दुसऱ्या दिवशी जो तो त्याच प्रसंगाबद्दल बोलत सुटला, तेव्हा मास्तरांनी रंग बदलला. "वहिनी, आता हे असंच ठेवायचं!"

"मग माझं जाणं?"

"जायचं. आणि पाणी घेऊन यायचं."

"त्यात काय एवढं?" घड्याळजी म्हणाले.

तिला रडू यायचंच बाकी राहिलं. घरातून सुटका नव्हतीच, आता नाटकातलीही गेली.

रविवारी दुसरा प्रयोग. ड्रॉवर, उशा, उसासा.

"अगं, माझा चष्मा कुठे गेला?"

ती चहा पीत राहिली. समोरच्या विंगेतून मास्तर हातवारे करत होते. तिने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"अगं!... अगं, आहेस ना?"

आता आवाज नाटकातला नव्हता. तिचा एक पाय चपलेत गेला, पण ती उठली नाही. बऱ्याच वेळाने घड्याळजींनी स्वतःच कपाळ चाचपलं आणि अडखळत पत्र वाचलं. पहिल्या रांगेत कोणीतरी नाक पुसलं.

पडदा पडल्यावर ते धावतच मागे आले. "ओ का दिली नाहीस? केवढा घाबरलो मी!"

"अहो, गेले होते ना मी."

घड्याळजी खोक्याकडे बघत उभे राहिले.

तिसऱ्या प्रयोगाला त्यांचा चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता आणि खिशात पाण्याची छोटी बाटली होती. ती बॅग घेऊन मागे आली, तर खोक्यावर कोणीतरी उशी ठेवलेली होती.