चालकाचं नाव घ्या

नोटीस आली तेव्हा शालिग्राम भाकरे अंगणात स्कूटर पुसत होते. चालवण्यापेक्षा पुसणं त्यांना जास्त जमायचं. चालवायचे ती वरातीतल्या घोडीसारखी. घमापुरच्या बाजारातून निघाले की दूधवाले, पाववाले, एकदा तर कोळशाची हातगाडीसुद्धा त्यांना बाजूला सारून पुढे निघून गेली होती.

लढाईचा डिसेंबर होता. दिव्यांच्या काचा अर्ध्या काळ्या, खिडक्यांना काळे कागद, आणि तिकडे खमरियाचा कारखाना दिवसरात्र धडधडत होता. दारूगोळ्याचे ट्रक सारखे ये-जा करायचे, म्हणून तिथल्या वसाहतीच्या रस्त्यावर वेगाला लगाम घातलेला, आणि नाक्यावरचे शिपाई घड्याळ लावून गाड्यांचा वेग काढत.

नोटीस अंजनीबाईंच्या नावे होती, कारण स्कूटरच त्यांच्या नावे होती. बुकिंग करताना शालिग्रामरावांनी आपला एक अर्ज टाकला आणि नशिबाला जोड म्हणून बायकोचा एक टाकला. वर्षानुवर्षं वाट पाहून नंबर लागला तो बायकोचा. त्यांनी ती हिंदी नोटीस उभ्या उभ्याच वाचली : सदर गाडी मंगळवारी दुपारी मर्यादेच्या दुपटीहून जास्त वेगाने गेली. चालकाच्या अंगात खाकी कोट, तोंडाला मफलर. गाडीच्या मालकिणीने शनिवारी सुरक्षा कार्यालयात हजर होऊन चालकाचे नाव सांगावे.

"दुपटीहून जास्त!" कुंपणापलीकडून रत्नाकर ओरडले. ते शेजारीही आणि कारखान्यात फ्यूज सेक्शनला शालिग्रामरावांचे सोबतीही. "भाकरे, खाकी कोट म्हणजे तुमचाच की!"

"कोट माझाच दिसते, पण मंगळवारी मी तर बसने..."

"अन् मंगळवारचं ते वरण? झाकण काढलं तर वाफ निघून राहिली होती! अच्छा, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत घरी उडी मारून आले, अन् आम्हाला पत्ता नाही!"

शालिग्रामरावांनी पुसायचं फडकं झटकलं. मंगळवारी ते डबा घरी विसरले होते हे खरं. दुपारी कारखान्याच्या गेटवरच्या शिपायानं "घर से आया है" म्हणून डबा हातात ठेवला, आणि कोणी आणला हे भुकेच्या भरात विचारायचं राहून गेलं. नाक्यावरच्या शिपायानं गाडीचा नंबर चुकीचा टिपला असणार, हे त्यांना उघड दिसत होतं. पण इतकी गोड चूक त्यांच्या वाट्याला आजवर आली नव्हती.

"जरा कान पिळला गेला असेल स्कूटरचा," मफलर सावरत ते म्हणाले.

दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या अंजनीबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि कप कठड्यावर ठेवून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सेक्शनमध्ये शालिग्रामरावांचं नाव 'रॉकेट' पडलं. चहावाला त्यांना पहिला कप देऊ लागला. जे त्यांना रोज बैलगाडी म्हणून चिडवायचे, तेच येऊन विचारू लागले, "रॉकेटभैया, वळणावर काय करता?" "वळणावर श्वास रोखायचा," शालिग्रामराव सांगत. त्यांची चालसुद्धा बदलली. आरशापुढे ते मफलर दोनदा बांधून पाहू लागले.

शुक्रवारी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं.

"भाकरेजी, लड़ाई के दिनों में गेट-पास के बिना बाहर गए? और वो भी इस रफ्तार से?" साहेबांचा आवाज शांत होता, म्हणूनच जास्त लागला. "फोरमन के लिए सोमवार को इंटरव्यू है आपका। फ्यूज पर मुझे ठंडा आदमी चाहिए। आपका नाम मैंने सोचा ही इसलिए था, कि साइकिलें आपको पीछे छोड़ जाती हैं।"

"साहब, वो मैं..."

"कल आपकी पत्नी किसका नाम लेती हैं, देखते हैं।"

बाहेर आले तेव्हा रॉकेटची हवा पार गेली होती. वीस वर्षं बारुदीजवळ बसून, न थरथरणाऱ्या हातांनी कमावलेली बढती एका फुकटच्या फुशारकीपायी चालली होती. घरी येऊन ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले.

"अगं, मंगळवारी गाडीवर मी नव्हतो."

"माहीत आहे," अंजनीबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. पण शालिग्रामरावांचं लक्ष आपल्याच काळजीत होतं.

"उद्या तिथे सांग, रत्नाकरनं नेली होती म्हणून."

"खोटं काहून सांगू? बिचाऱ्याला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही."

"मग बापूंचं सांग."

बाजेवर शेकत पडलेले बापू, शालिग्रामरावांचे वडील, उठून बसले. "सांग, सूनबाई. या वयात एवढा वेग म्हणून सत्कारच करतील!"

"बापू, इथे माझी बढती जाऊन राहिली! अगं, कोणाचंही घे, फक्त माझं नाव घेऊ नको."

"तुमचं नाव मी कधी घेते?" अंजनीबाई म्हणाल्या, आणि पोळी तव्यावर टाकली.

हे मात्र खरं होतं. लग्नात आणि मंगळागौरीला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी 'हे', 'अहो', फार झालं तर 'आमच्या घरचे'.

शनिवारी दोघं सुरक्षा कार्यालयात पोचली, तेव्हा सुरक्षा अधिकारी दुबेसाहेब टेबलामागे बसले होते. मिशा भरघोस, खिशात हनुमानचालिसा. कोपऱ्यात टाइपराइटरवर शैलजाताई, मराठीच.

"बहनजी, मंगलवार को गाड़ी कौन चला रहा था? नाम बताइए।"

अंजनीबाईंनी पदर सावरला, जमिनीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि गप्प राहिल्या.

"बोलिए। नाम लेने में क्या हर्ज है?"

"साहब," शैलजाताई मदतीला आल्या, "हमारे यहाँ औरतें पति का नाम नहीं लेतीं। लेना ही पड़े, तो कविता में लेती हैं।"

"अच्छा!" दुबेसाहेबांच्या मिशा वर गेल्या. "नाम नहीं ले रहीं, मतलब पति ही है।" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. शालिग्रामरावांच्या डोळ्यांपुढून फोरमनची खुर्ची आपल्या चार पायांनी चालत निघाली.

"साहब, मैं तो अंदर..."

"आप चुप रहिए। हाँ बहनजी, कविता ही सही।"

अंजनीबाईंनी मान किंचित तिरकी केली. आवाज जात्यावर बसल्यासारखा सहज आला :

"डबा राहिला चुलीपाशी, भोंगा झाला बाराचा,
शालिग्रामरावांसाठी कान पिळला मीच स्कूटरचा."

टाइपराइटर थांबला. शैलजाताई तोंडावर हात धरून हसू लागल्या. "साहब... गाड़ी इन्होंने खुद चलाई!"

"इन्होंने? और वो कोट, मफलर?"

"ठंड थी, साहब," अंजनीबाई म्हणाल्या. "इनका कोट खूँटी पे था।" आणि न विचारता त्यांनी बटव्यातून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. मग नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुम्ही उन्हाळ्यात ट्रेनिंगला किरकीला गेले होते ना, तेव्हा शिकले. मागे बापू बसायचे."

शालिग्रामरावांना बापूंचं ते सत्काराचं बोलणं आठवलं.

"मगर दुगुनी रफ्तार, बहनजी!"

"दाल ठंडी हो जाती, साहब."

दुबेसाहेबांनी बराच वेळ लायसन्स पाहिलं. मग फोन उचलून मॅनेजरसाहेबांना सांगितलं, की भाकरे मंगळवारी कारखान्यातच होते, आणि वर आपलं जोडलं, "आदमी ठंडा ही है, साहब। गरम तो घर में कोई और है।" फोन ठेवून ते शालिग्रामरावांकडे वळले.

"इस बार चेतावनी देकर छोड़ता हूँ। पर चालक की पहचान घर का कोई आदमी करे, ऐसा कायदा है। बोलिए भाकरेजी, इनका नाम?"

कायदा होता की दुबेसाहेबांना चटक लागली होती, कोण जाणे. शालिग्रामरावांचे कान मात्र लाल झाले. वीस वर्षांत त्यांनी 'अगं', 'ऐकलं का', 'बापूंची सून' यांवरच संसार केला होता. शैलजाताई टाइपराइटरवर हनुवटी टेकून वाट पाहत होत्या. अंजनीबाईसुद्धा.

"खमरियाच्या रस्त्यावर..." त्यांनी घसा खाकरला. "खमरियाच्या रस्त्यावर धूळ उडाली क्षणी..."

"वाह! आगे?"

"गरम वरण घेऊन आली... उडत... अंजनी."

"अंजनी!" दुबेसाहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि त्यांचा हात खिशातल्या चालिसाकडे गेला. "हनुमानजी की माता! तभी तो! जाइए बहनजी, जाइए। पर नाके तक धीरे।"

बाहेर कोवळं ऊन पडलं होतं. स्कूटरजवळ येऊन शालिग्रामराव थांबले.

"इतके दिवस बोलली काहून नाहीस?"

"कशी बोलू?" अंजनीबाई म्हणाल्या. "लोक तुम्हाला रॉकेट म्हणून राहिले होते. इतके खुश तुम्ही लग्नातसुद्धा दिसले नव्हते."

शालिग्रामरावांनी रुमालानं स्कूटरची सीट पुसली. मग किल्ली त्यांनी बायकोच्या हातात ठेवली, गळ्यातला मफलर तिच्या गळ्यात घातला, आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

नाक्यावर शिपाई घड्याळ घेऊन उभाच होता. अंजनीबाईंनी कायदा पाळला. इतका पाळला, की मागून एक दूधवाला आला, त्यानं घंटी वाजवली आणि कॅन खणखणवत पुढे निघून गेला.

शालिग्रामरावांनी मागे वळून पाहिलं. नाका बराच लांब राहिला होता. मग ते पुढे झुकले आणि बायकोच्या कानाशी कुजबुजले, "अंजनी, जरा कान पीळ ना."